शिंपी का वटवट्या

शिरड शहापूर
रविवार, २२ जून

चि. शौनक,

आशीर्वाद. पत्र पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझ्या त्या अरुणाचलच्या जंगलात फोन लागत नाही, आणि चुकून लागलाच तर तू नुसता "हं, हं" करतोस. पत्राला हं म्हणून भागत नाही, म्हणून लिहायला बसले.

काम आहे. पक्ष्याचं आहे, म्हणजे तू उत्तर देशील.

बाबांची खाट आता पुढच्या खोलीत खिडकीशी घेतली आहे. बाहेर आपला बेल. त्याच्या खालच्या फांद्यांवर मी लावलेला तोंडलीचा वेल चढून माजलाय. त्या वेलात एक पक्षी येतो. चिमणीहून लहान, अंगानं एवढासा आणि शेपटी मात्र लांब, तीही उभी करून मिरवतो. एका जागी ठरेल तर शपथ. मी देवळासाठी वाती वळायला बसते तेव्हा माझ्या परडीतला कापूस पळवतो. तो पानाला पान जोडतो, म्हणून मी त्याला शिंपी म्हणते. बरोबर आहे का ते कळव.

संगिताला विचारून पाहिलं. संगिता म्हणजे तांड्यावरची, बाबांना उठवायला-बसवायला सकाळ-संध्याकाळ येते. ती म्हणाली, "काकू, पाखरू हाय ते. नाव ठिवायला ते काय आपलं लेकरू हाय व्हय?" मग तुलाच लिहायचं ठरवलं.

बाबा तसेच आहेत. लकवा मारल्याला वर्ष होत आलं. उजवा हात-पाय लुळा, वाचा बंद. ऐकलेलं कळतं असं डॉक्टर म्हणतात, पण ज्या माणसानं देवळाच्या ओट्यावर बसून अख्ख्या गावाला चार गोष्टी ऐकवल्या त्याच्या तोंडून आता "अं" सुद्धा निघत नाही. जेवणाचीही नवी तऱ्हा. ताटात डावीकडची चटणी, लोणचं, कोशिंबीर चाटून पुसून खातात आणि उजवीकडची भाजी-आमटी जशीच्या तशी. मी काय काय भाज्या करून पाहिल्या. शेवटी मीच ती संपवते.

पक्षीही दाखवला. "अहो, बघा तरी," म्हटलं. ढुंकून पाहिलं नाही. वेल उजव्या अंगाला, हे डावीकडे भिंतीला तोंड करून पडलेले. मान फिरवून घेण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, हे तुला मी काय सांगायचं.

मी बरी आहे. जरा दमते. पुढच्या महिन्यात नांदेडला एक खेप करायची आहे, काम आहे थोडं.

तुझी
आई


शुक्रवार, १८ जुलै

चि. शौनक,

तुझं पत्र काल आलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं पाहून जीव सुपाएवढा झाला, आणि वाचलं तर सगळे प्रश्न. डोक्यावर तांबूस टोपी आहे का? पाठ हिरवट का राखाडी? डोळा कोणत्या रंगाचा? उडताना काही आवाज येतो का? अरे, तुझ्या लग्नासाठी मुली बघताना सुद्धा आम्ही एवढं विचारलं नव्हतं.

बाबांबद्दल मात्र शेवटी दोन ओळी. "त्यांना हे दाखवू नकोस. दवाखान्यात मी समोर उभा असताना त्यांनी मान फिरवली, तेव्हाच काय ते कळलं."

मी काही दाखवलं नाही. पण राग आला, तो लिहून टाकते. आजी गेली तेव्हा तू जंगलात होतास, निरोप पोचलाच नाही, हे मला ठाऊक आहे. स्वतःच्या आईच्या चितेवरून परत आलेला माणूस तुला फोनवर म्हणाला की आता माझ्या वेळीही येऊ नकोस. ते तू धरून बसलास, तेही समजते. लकवा मारल्यावर तू धावत नांदेडला आलास, दोन दिवस त्या खोलीच्या दारात उभा राहिलास, आणि त्यांनी मान फिरवली म्हणून निघून गेलास. तुमच्या दोघांच्या मध्ये माझं काय होतं, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. झालं, आता तुझे प्रश्न घेते.

टोपी नाही. पाठ राखाडी, चुलीतल्या राखेसारखी. पोटाकडून पिवळट, हळदीचा हात पुसल्यासारखं. डोळ्याचा रंग मला दिसत नाही, माझ्याच डोळ्यात मोतीबिंदू पिकायला आलाय. संगिताला उभं केलं तर म्हणाली, "लाल हाय, रागावल्यावानी." उडताना आवाज येत नाही, असं मी लिहिणार होते.

पण ऐक. मागच्या आठवड्यात पावसानं पुढच्या खोलीचा कोपरा गळायला लागला. नेमकी बाबांच्या उशीवर धार. संगितानं आणि मी खाट उलटी फिरवली, डोक्याकडचं पायाकडे. आता वेल त्यांच्या डाव्या हाताला आला. आणि काय सांगू, दुसऱ्या दिवसापासून माणूस बाहेर बघायला लागला! पक्षी आला की मान उचलतात. वर्षभरात मी त्यांना काही बघताना पाहिलेलं नव्हतं. मला बरं वाटलं आणि थोडा रागही आला. मी वर्षभर समोर नाचत होते ती दिसले नाही, आणि बोटभर पाखरू दिसलं.

मग परवा त्यांनी डाव्या हातानं चुटकी वाजवली. परत वाजवली. मला वाटलं पाणी हवंय. पाणी दिलं तर भांडं ढकललं. संगिता म्हणाली, "काकू, काका पाखरू उडालं की चुटकी वाजवून राहिले. तुमी नुस्तं बघा." मी वाती बाजूला ठेवून बसले. पक्षी वेलातून सुटला की खरंच आवाज येतो, तोंडाचा नाही, कोरडी काडी मोडावी तसा. टक टक टक. मागोमाग यांची चुटकी.

तर उत्तर लिहून घे. उडताना आवाज येतो. मला ऐकू आला नव्हता. तुझ्या बाबांनी सांगितला.

आई


बुधवार, १३ ऑगस्ट

चि. शौनक,

शिंपी नव्हे, राखी वटवट्या. बरं बाबा, तू सांगशील ते खरं. हाही पानं शिवतो आणि पानं शिवणारा दिसला की सगळे त्याला शिंपीच समजतात, हे वाचून माझी लाज थोडी कमी झाली. त्याच्याबद्दल तू इतकं लिहिलंस की संगितालाही वाचून दाखवलं. नर-मादी दोघं मिळून शिवतात, दोघं आळीपाळीनं अंड्यांवर बसतात, आणि घरटं मोडलं तर त्यातलाच कापूस, तेच धागे काढून नेऊन दुसरीकडे नवं शिवतात. "म्हंजी लई समजदार जोडी हाय," संगिता म्हणाली. आळीपाळीनं बसतात, हे मी दोनदा वाचलं.

तू शेवटी लिहिलंस, "त्या आवाजावरूनच ओळख पक्की झाली. बाबांना सांग, त्यांनी बरोबर ऐकलं." मी खाटेशी बसून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. तू नको म्हणालास तरी. त्यांनी पत्राचा कागद डाव्या हातानं घेतला आणि छातीवर ठेवून झोपले. घामानं शाई फुटली आहे, तेव्हा घरट्याबद्दलचा मजकूर मला आता नीट वाचता येत नाही.

घरटं झालंय! बेलाच्या खालच्या फांदीवर, तोंडलीची दोन पानं एकमेकांना टाचून त्यात माझ्या परडीतला कापूस. अंडी बघायला जाऊ नकोस म्हणालास म्हणून गेले नाही. अंडी विटकरी रंगाची, चकचकीत असतात म्हणतोस, ते तुझ्या शब्दावर सोडते. बाबा दिवसभर तिकडे डोळे लावून असतात. आता एक चुटकी म्हणजे "पक्षी बघ", दोन म्हणजे पाणी, असं आमचं ठरत चाललंय. लग्नाला पस्तीसहून जास्त वर्षं झाली आणि आता कुठे आम्ही नीट बोलायला लागलो.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. नांदेडचं काम म्हणजे माझंच आहे. माझ्या गर्भपिशवीत गाठ आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात पिशवी काढून टाकू, लांबवू नका. शनिवारी आणखी एक तपासणी आहे. घाबरण्यासारखं नाही, असं त्या म्हणतात. घाबरण्यासारखं नसतं तर "लांबवू नका" का म्हणतात, हे मी विचारलं नाही.

ऑपरेशन झालं की मला उचलाउचल करता येणार नाही, महिना-दीड महिना. शकुंतला आत्या हिंगोलीहून येऊन राहीन म्हणतात. शनिवारीही त्याच येणार आहेत. आपल्या भावावर त्यांची माया आहे, यात काही शंका नाही. पण तू आलास तर मला निवांत झोपता येईल. नुसतं विचारतेय. नाही जमलं तर तसं कळव, मी वाईट वाटून घेणार नाही.

घेईन. खोटं का लिहू.

आई


मंगळवार, १९ ऑगस्ट

शौनक,

तुझं बरोबर होतं. रंग विटकरीच असतो, आणि चकचकीत. मी पाहिलं.

शनिवारी तपासणीला वेळ लागला, शेवटची गाडी हुकली, माझ्या मामेबहिणीकडे मुक्काम केला. रविवारी दुपारी घरी पोचले तर अंगणात उजेडच उजेड. आधी कळेना एवढं ऊन कुठून आलं. मग बेलाकडे पाहिलं. बेल उघडा. खालची फांदी न् फांदी ओरबाडलेली. तोंडलीचा वेल ओढून भिंतीशी टाकलेला.

आत्यांनी बाबांच्या वाचेसाठी महादेवाला लक्ष बेल वाहायचा नवस बोलला होता. मला सांगितलं नाही, मला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. शेवटचा श्रावणी सोमवार म्हणून वाहायचं ठरलं, आणि सोमवारी बेल तोडत नाहीत म्हणून रविवारी सकाळीच त्यांच्या भजनी मंडळाच्या बायका हिंगोलीहून जीप करून आल्या. आजूबाजूचे बेल झाले, मग आपला झाला. आपला बेल कोवळा, किडका नाही, पान तीनही दळांचं अखंड. देवाला दुसरं चालत नाही.

मी उंबऱ्यात पाय टाकायच्या आत आत्यांनी मला मिठी मारली. डोळ्यांना पाणी. "प्रेमा, देवानं ऐकलं गं! बेल वाहायच्या आधीच ऐकलं! आम्ही तोडता तोडता भजन म्हणून राहिलो होतो, तर गोपाळनं आतून ताल धरला. बराबर चुटक्या! थांबेचना. आम्ही वेलाजवळ गेलो तसा जोरात, जोरात. बायका म्हणाल्या, बघा, महादेव प्रसन्न झाला. मग आम्ही आणखी दोन भजनं म्हटली."

मी आत गेले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. डाव्या हाताचं मधलं बोट आणि अंगठा सोलून लाल झाला होता. मी हात हातात घेतला तर त्यांनी परत चुटकी वाजवायचा प्रयत्न केला. आवाज निघाला नाही.

मी बाहेर येऊन वेल उचलला. घरटं त्यातच होतं, पानं फाटलेली. खाली टरफलं. मला ओरडायचं होतं रे. आत्या मागे उभ्या होत्या, हातात बेलाची टोपली, चेहऱ्यावर एवढा आनंद की त्यांच्या वयाला शोभेना. मी काय ओरडणार? म्हटलं, "हो वन्सं, ताल धरला." त्यांना चहा केला. सोमवारी देवळात गेले, बेल वाहिला, नमस्कार केला. आज त्या परत गेल्या. जाताना म्हणाल्या, "तू बिनघोर दवाखान्यात जा. गोपाळचं मला सगळं कळतं."

संगिता रविवारी नव्हती, तिच्या माहेरी कार्यक्रम होता. आज आली, बेल पाहिला, वेलातलं फाटकं घरटं पाहिलं. "काकू, त्ये पाखरू काका दाखवून राहिले व्हते. येकीलाबी कळलं न्हाई का हो?"

एकीलाही नाही.

बाबा काल दुपारपासून डोळे मिटून पडून आहेत, खिडकीकडे बघत नाहीत. चुटकी नाही. पाण्यासाठीही नाही. मी आपणच विचारून पाजते.

मागच्या पत्रात "नुसतं विचारतेय" लिहिलं होतं ते खोडून टाक. ऑपरेशनची तारीख सप्टेंबरच्या मध्याची दिली आहे. मी यांना आत्यांकडे सोडून जाऊ शकत नाही. त्या माया करतील, वेळेवर जेवू घालतील, आणि यांनी जीव तोडून काही सांगितलं की भजन म्हणतील. चुटकीचा अर्थ माहीत असलेली माणसं तीनच, मी, संगिता आणि तू. संगिताची चार लेकरं आहेत, तिला रात्री थांबता येणार नाही.

मी फार दमलेय, शौनक. रोज सकाळी उठताना आधी खाटेची दांडी धरून उभी राहते, मग त्यांना उठवते. तुझा आणि त्यांचा हिशेब तुम्ही नंतर करा. आत्ता तू माझ्यासाठी ये.

आई


सोमवार, १५ सप्टेंबर

शौनक,

हे पत्र टपालात टाकत नाही, संगिताजवळ देऊन ठेवते. तू आलास की ती तुझ्या हातात देईल. तेजपूरहून तू फोन केलास, "येतोय" म्हणालास, आणि तेवढ्यात लाइन कटली. दोनच सेकंदांचं बोलणं, पण या खेपेला "हं" म्हणाला नाहीस. मी आत्ता पहाटेच्या गाडीनं नांदेडला निघते, उद्या ऑपरेशन. तू दुपारपर्यंत पोचशील, तोवर संगिता आहे. आत्या माझ्याबरोबर येताहेत, दवाखान्यात उशाशी बसायला. त्यांना मी अंडी-बिंडी काही सांगितलं नाही, तूही सांगू नकोस.

पक्ष्यांचं आधी सांगते. तू लिहिलं होतंस तसंच झालं. त्या दोघांनी फाटक्या घरट्यातला कापूस काढून काढून नेला. मी वेल उचलून टाकला नाही, तसाच भिंतीशी ठेवला, परडीही उघडी ठेवली. आता घरटं न्हाणीघराजवळच्या जास्वंदीत आहे. ते खिडकीतून दिसत नव्हतं म्हणून खाट पुन्हा हलवली. गणपती येऊन गेले आणि एका सकाळी बाबांची चुटकी वाजली. मी स्वयंपाकघरात होते. तवा तसाच टाकून धावले.

आता त्यांच्याबद्दल. तू त्या पाखराच्या सवयी मला लिहून पाठवल्यास, मी यांच्या लिहिते. एक चुटकी म्हणजे मला हाक नाही, बाहेर बघ म्हणतायत. दोन म्हणजे पाणी. चादर मुठीत धरली तर लाज वाटतेय, तेव्हा संगिताला बाहेर पाठव आणि तू एकटा कर. चहा बशीत दे, कपाकडे बघत नाहीत. पेपर वाचून दाखवला तर ऐकतात, बाजारभाव मोठ्यानं वाच. हळद उतरली की कपाळाला आठ्या पडतात. आपल्याकडे एक गुंठासुद्धा हळद नाही, तरी पडतात.

भाजी डावीकडे वाढ. आमटी, भात, सगळंच डावीकडे. आजी असती तर तिनं मला ताट वाढायला पुन्हा शिकवलं असतं, पण आता असंच वाढायचं. का ते सांगते. माझ्या कागदपत्रांसाठी गेले तेव्हा बाबांच्या डॉक्टरांना सहज विचारलं, हे उजवीकडची भाजी का टाकतात? ते म्हणाले, काकू, टाकत नाहीत, त्यांना ती दिसत नाही. लकव्यानं दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू गेली आहे. पहिल्या दिवसापासून. मान आपोआप डावीकडे वळते, तेही त्याच्यामुळेच. आम्ही तेव्हा सांगितलं होतं, ते म्हणाले. सांगितलं असेल. त्या दिवसांत मला कोण काय सांगत होतं, काही आठवत नाही.

बसमध्ये बसल्यावर मला तो दवाखाना डोळ्यांसमोर आला. खाट भिंतीला लावलेली. डावीकडे भिंत, उजवीकडे दार. तू दारात उभा होतास, शौनक. दोन्ही दिवस तू दारातच उभा होतास.

त्यांनी तुला पाहिलंच नाही रे. तू येऊन गेलास, हेही त्यांना ठाऊक नाही.

बॅग ओट्यावर ठेव, पाय धू, आणि मागच्या दारानं आत ये. पुढच्या दारानं आलास तर त्यांच्या उजवीकडे पडशील. खाटेच्या डाव्या अंगाला स्टूल ठेवलंय, त्यावर बस. बोलायची घाई करू नकोस. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं की एक चुटकी वाजव.

आई